बस सोडा, मागचं बघा

जुन्या मुंबईचे म्हणून जे फोटो हातोहात फिरत असतात, त्यांत बस हमखास असते. वळणावर किंचित कललेली डबलडेकर, मागच्या पायरीवर दांडी धरून उभा असलेला कुणी टोपीवाला, पुढे एक सायकल, कडेला हातगाडी आणि वर गॅलरीतून डोकावणारी दोन-तीन माणसं. खाली ओळ एवढीच: ‘जुनी मुंबई. बेस्टची डबलडेकर.’ गाडी डबलडेकर आहे आणि बेस्टची आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. ती उभी कुठे आहे, हे मात्र त्या ओळीत नसतं. मग फोटो या हातातून त्या हातात जातो आणि वाद रंगतो. एक म्हणतो, लालबाग. दुसरा म्हणतो, “छे हो, भायखळा! तो कोपऱ्यावरचा इराणी बघा ना.” तिसऱ्याला ते धोबीतलाव वाटतं, कारण त्याचं कॉलेज तिथे होतं.

एकेकाळी मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यावर इराणी होता. तेव्हा कोपऱ्यावरचा इराणी हा काही पुरावा नव्हे.

पुढच्या पानांत जमवलेल्या फोटोंना हाच एक प्रश्न विचारला आहे: ही बस कुठे आहे? प्रश्न साधा वाटतो. उत्तर शोधायला बसलं की कळतं, फोटोत ज्या वस्तूसाठी आपण थांबलो तीच जागा सांगायला सगळ्यांत कुचकामी असते. बस फिरती. आज कुलाब्यात दिसली, उद्या माहीमला. जागा सांगतात त्या बसमागे नकळत आलेल्या गोष्टी: तारा, पाट्या, सावल्या, खांब, दुकानावर रंगवलेला पत्ता. त्यामुळे या फोटोंकडे बघायची पहिली अट अशी की बसवरून नजर काढायची. बसप्रेमींना हे जड जाईल, पण इलाज नाही.

तरीही आधी बसची कुंडली मांडून घ्यावी. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली आणि विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी. मोटारबस आली ती १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर. म्हणजे २०२६च्या जुलैत त्या पहिल्या फेरीला शंभर वर्षं. डबलडेकर बस १९३७ची. स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, या ट्राम आणि बस चालवणारी कंपनी महापालिकेच्या ताब्यात आली आणि नावातल्या ‘ट्रामवेज’च्या जागी ‘ट्रान्सपोर्ट’ बसलं. लोकांच्या तोंडचं ‘बेस्ट’ तसंच राहिलं. १९५५ मध्ये ही सेवा उपनगरांत पोचली. त्याआधी तिकडे खासगी मालकांच्या गाड्या धावत. ३१ मार्च १९६४च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. आणि जुन्या डिझेलच्या लाल डबलडेकरने १५ सप्टेंबर २०२३ रोजी रस्ता सोडला, तेव्हा तिच्या शेवटच्या फेरीला हार-फुलं घेऊन माणसं जमली होती.

या तारखा पाठ करायच्या नसतात, वापरायच्या असतात. फोटोत डबलडेकर बस दिसली की १९३७च्या आधीचा काळ बाद. (डबलडेकर ट्राम मात्र १९२० पासून होती, तेव्हा खाली टायर आहेत की रूळ, ते आधी बघावं. कित्येक ‘बस’ निव्वळ ट्राम निघतात.) रस्ता अंधेरीचा किंवा घाटकोपरचा आहे असा दावा असेल आणि गाडी बेस्टची असेल, तर फोटो १९५५च्या अलीकडचाच धरायला हवा. काळ ठरला की जागेचे निम्मे दावेदार आपोआप गळतात, कारण त्या काळात ती इमारत, तो पूल, तो चौक तिथे नसतोच. मुंबईतला पहिला उड्डाणपूल केम्प्स कॉर्नरचा, १९६५चा. मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाला एअर इंडियाची इमारत नसेल, तर फोटो १९७४च्या आधीचा. असली उलटी माहिती, म्हणजे फोटोत काय नाही ही माहिती, दिसणाऱ्या गोष्टींइतकीच कामाची असते. नवख्या माणसाची नजर नेमकी तिकडेच जात नाही.

आता बसच्या कपाळावरच्या पाटीकडे. सगळे आधी तीच वाचतात आणि बरेच जण तिथेच फसतात. पाटीवर ‘म्युझियम’ लिहिलंय म्हणजे बस म्युझियमला आहे असं नव्हे. ती म्युझियमला निघाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. तेही ड्रायव्हर-कंडक्टरने शेवटच्या थांब्यावर पाटी फिरवली असेल तर. शिवाय पाटीवरचं नाव आणि तोंडातलं नाव यांत मुंबईत कायम अंतर राहिलं. पाटीवर राणी लक्ष्मीबाई चौक, तोंडात सायन. पाटीवर वीर कोतवाल उद्यान, तोंडात प्लाझा. पाटीवर वसंतराव नाईक चौक, तोंडात ताडदेव. दादर टीटीला खोदादाद सर्कल म्हणणारा प्रवासी शोधूनही सापडला नसता. हे अंतर फोटो वाचणाऱ्याच्या पथ्यावर पडतं, कारण चौकांची नावं बदलतात आणि पाटीवर कोणतं नाव आहे त्यावरून काळ पकडता येतो. ‘फ्लोरा फाउंटन’ की ‘हुतात्मा चौक’? हुतात्मा स्मारक १९६१चं. त्यानंतरही जुनं नाव लोकांनी सोडलं नाही, पण नवं नाव पाटीवर दिसलं तर त्याआधीचा काळ नक्की कटाप.

मार्गक्रमांकाचंही तसंच. सुरुवातीच्या काळात मार्गांना इंग्रजी अक्षरं होती, पुढे आकडे आले. बेस्टच्या बसवर समोर मराठी आकडे आणि बाजूला इंग्रजी, ही पद्धत मुंबईकरांच्या अंगवळणी पडलेली. बाहेरगावचा पाहुणा मात्र समोरून येणारी बस ओळखू न शकल्यामुळे धावत बाजूला जाई. अस्पष्ट फोटोत मराठी १ आणि ९ यांची गल्लत ठरलेली. म्हणून समोरचा आकडा बाजूच्या इंग्रजी आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय मार्ग पक्का धरू नये. आणि मार्ग पक्का झाला तरी जागा पक्की होत नाही. १२३ क्रमांकाची बस मरीन ड्राइव्हवरून जाते हे सगळ्यांना ठाऊक. पण ती आर. सी. चर्चपासून ताडदेवपर्यंत बाकीच्या रस्त्यांवरूनही जाते, हे फोटोखाली ‘मरीन ड्राइव्ह’ लिहिणारा विसरतो.

नंबरप्लेटचा उपयोग याहून मर्यादित. मुंबई राज्य होतं तेव्हा गाडीचा नंबर ‘बी’ या अक्षराने सुरू होई. महाराष्ट्र झाल्यावर ‘एम’च्या मालिका आल्या, आणि ‘एमएच-०१’ हा आजचा थाट १९८९च्या सुमाराचा. पण १९५८ साली रस्त्यावर आलेली बस १९६८ सालीही तोच नंबर मिरवत असते. नंबरप्लेट सांगते ती फोटोच्या काळाची अलीकडची हद्द नव्हे, पलीकडची: याआधीचा नाही, इतकंच.

डोकं वर केलं की तारा दिसतात. त्या बोलक्या असतात. ट्रामला वर एकच तार लागते, कारण वीज रुळांतून परत जाते. ट्रॉलीबसला रूळ नसतात, म्हणून तिला शेजारी शेजारी दोन तारा लागतात. मुंबईत ट्रॉलीबस होती हेच आज बहुतेकांना ठाऊक नाही. ११ जून १९६२ रोजी ती गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर सुरू झाली आणि २४ मार्च १९७१ रोजी बंद पडली. जेमतेम नऊ वर्षांचं आयुष्य. पण फोटो ओळखणाऱ्याला याहून मोठी लॉटरी नाही. रस्त्यावर तारांच्या जोड्या दिसल्या की काळ नऊ वर्षांत बांधला गेला, आणि अख्ख्या मुंबईतून शोध त्या एका मार्गापुरता उरला. खाली वापरातले ट्रामचे रूळही असतील, तर १९६२ ते १९६४ अशी दोन वर्षंसुद्धा पुरी भरत नाहीत. मात्र ‘वापरातले’ हा शब्द महत्त्वाचा. ट्राम गेली म्हणून रूळ लगेच गेले नाहीत. बरेचसे डांबराखाली गाडले गेले, आणि फ्लोरा फाउंटनच्या परिसरात अलीकडच्या खोदकामात ते पुन्हा वर आले. नुसते रूळ दिसले आणि वर तार नसेल, तर ट्राम जाऊन काही वर्षं झाली असावीत.

हे सगळं एकत्र कसं चालतं, ते काळ्या घोड्यापाशी उभं राहून पाहावं. समजा, फोटोत बस आहे, तिच्यामागे डेव्हिड ससून लायब्ररीची कमानदार दर्शनी बाजू आहे, आणि फोटोच्या कडेला अश्वारूढ पुतळा. सातवा एडवर्ड प्रिन्स ऑफ वेल्स असताना मुंबईला येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससूनने दिलेला हा पुतळा १८७९ पासून इथे होता. १९६५ मध्ये तो हलवला आणि आता तो राणीच्या बागेत आहे. २०१७ पासून त्या परिसरात पुन्हा घोडा दिसतो, पण त्याच्यावर स्वार नाही. तेव्हा पहिला प्रश्न: घोड्यावर कुणी बसलंय का? बसलंय, म्हणजे १९६५च्या आधी. दुसऱ्या कडेला जहांगीर आर्ट गॅलरीचा पुढे आलेला छज्जा दिसतोय का? गॅलरी १९५२ची. दिसत असेल तर काळ १९५२ ते १९६५. बसच्या अंगावर साबणाची जाहिरात आहे आणि किंमत आण्यांत नसून नव्या पैशांत आहे? दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली, ‘नवे’ हे विशेषण १९६४ मध्ये गळलं. काळ आणखी आवळला. लायब्ररी रस्त्याच्या पश्चिमेला, पूर्वेकडे तोंड करून; तिच्या दर्शनी भागावर ऊन आहे म्हणजे वेळ सकाळची. बस लायब्ररीच्या अंगाने चालली आहे, आणि रस्ता दुतर्फा वाहतुकीचा असेल तर डाव्या बाजूच्या नियमाने ती रीगलकडून फाउंटनकडे निघाली आहे. इतकं झाल्यावर पाटीवर काय लिहिलंय ते वाचावं. पाटी जुळली तर उत्तम. नाही जुळली तर पाटी फिरवायची राहिली असेल, पण जागा बदलत नाही. गंमत अशी की शंका उरलीच तर ज्या कागदपत्रांत उत्तर शोधायचं, तो राज्याचा पुराभिलेख विभागही लायब्ररीला लागून असलेल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतच आहे.

काळ्या घोड्याचं उदाहरण सोपं आहे, कारण तिथे पुतळे आहेत, घुमट आहेत. गिरगाव-परळकडच्या फोटोंत असलं काही नसतं. तिथे पाट्या वाचाव्या लागतात, आणि भिंग घेऊन बसावं लागतं.

दुकानाच्या पाटीवर मालकाचं नाव मोठं असतं आणि पत्ता बारीक. पण पत्त्यात शेवटी एक आकडा असतो: ‘मुंबई ४’, ‘मुंबई २८’, ‘मुंबई १०’. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. त्याआधी शहराचे टपाल विभाग होते आणि प्रत्येकाला क्रमांक होता. सुदैव असं की पिनकोड देताना हेच क्रमांक शेपटीला ठेवले. ‘मुंबई ४’ म्हणजे आजचं ४००००४, गिरगाव. ‘मुंबई २८’ म्हणजे दादर पश्चिम, ‘मुंबई १४’ म्हणजे दादर पूर्व, ‘मुंबई १०’ म्हणजे माझगाव, ‘मुंबई १९’ म्हणजे माटुंगा. दुकानाचं नाव वाचता आलं नाही, रस्त्याचं नाव खांबामागे गेलं, तरी हा एक-दोन आकडी क्रमांक दिसला की अख्ख्या शहराचा प्रश्न एका वस्तीचा होतो. लालबाग की भायखळा, या वादात पैज लावणाऱ्यांनी आधी हा आकडा शोधावा. टेलिफोन नंबरही मदतीला येतो: आकडे जितके कमी, तितका फोटो जुना, आणि आठ आकडी नंबर असेल तर २००२च्या अलीकडचा.

रस्त्यांची नावंही बदलत गेली. हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी रोड झाला, एस्प्लनेड रोडचा महात्मा गांधी रोड, क्वीन्स रोडचा महर्षी कर्वे रोड, गिरगाव रोडचा जगन्नाथ शंकरशेट रोड, लॅमिंग्टन रोडचा डॉ. भडकमकर मार्ग. पाटीवर जुनं नाव असलं म्हणजे फोटो नामांतराच्या आधीचाच, असं मात्र मानू नये. महापालिका पाटी बदलते, दुकानदार बदलत नाही. पेंटरला पुन्हा पैसे कोण देणार? लॅमिंग्टन रोड तर आजही लॅमिंग्टन रोडच आहे.

सिनेमाची पोस्टरं म्हणजे तारखेची खाणच, असं सगळे सांगतात. खरं आहे, पण दोन सिनेमांपासून जपून. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी मिनर्व्हाला लागला आणि तिथेच पाच वर्षांहून अधिक काळ मुक्काम ठोकून बसला. मिनर्व्हासमोरच्या बसचा फोटो ‘शोले’च्या जोरावर १९७५चा ठरवणाऱ्याला चार-पाच वर्षांची घसरण परवडली पाहिजे. मराठा मंदिरपुढे ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’चं पोस्टर दिसलं तर त्यावरून तारीख काढायचा विचारच सोडून द्यावा. १९९५ पासून तिथे तेच आहे. बाकीच्या सिनेमांचं गणित सरळ: बहुतेक काही आठवड्यांत उतरत. थिएटरं मात्र जागा पक्की करतात. रीगल १९३३चं, मेट्रो आणि इरॉस १९३८ची, मराठा मंदिर १९५८चं. आणि चित्रपटांतली दृश्यंही साक्षीला बोलावता येतात. ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (१९५४) रस्त्यावर उतरून चित्रित झाला. ‘छोटीसी बात’ (१९७६) मध्ये तर नायक-नायिकेची भेटच बेस्टच्या थांब्यावर होते. स्थिर फोटोत जी इमारत अर्धी कापली गेली, ती कधी कधी अशा दृश्यात कॅमेरा वळताना पुरी दिसते.

सावलीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर. सूर्य इथे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. शाळांमधून ‘शून्य सावली दिवस’ साजरा होतो तो हाच. या दोन तारखांच्या मधले आठवडे सोडले तर वर्षभर मध्यान्हीची सावली उत्तरेला पडते. मुंबई हे लांबट, चिंचोळं बेट, त्यामुळे मोठे रस्ते बहुतेक दक्षिणोत्तर. सकाळ-संध्याकाळच्या लांब सावल्या रस्ता आडवा ओलांडत असतील तर असा रस्ता शहरात कुठेही असू शकतो. त्या रस्त्याच्या लांबीने धावत असतील तर रस्ता पूर्व-पश्चिम आहे, आणि मग यादी एकदम आखूड होते: ग्रँट रोड, बेलासिस रोड, सँडहर्स्ट रोड असे मोजके. फोटोत घड्याळ असेल तर जास्तच बरं, फक्त एक ध्यानात ठेवावं. भारतीय प्रमाणवेळ येऊनही मुंबईतली काही घड्याळं पुढे कित्येक वर्षं ‘बॉम्बे टाइम’ दाखवत राहिली, आणि ते प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असे. सूर्य मुंबईत माथ्यावर येतो तो प्रमाणवेळेनुसार साडेबारा उलटून गेल्यावर. घड्याळात बारा, सावल्या पायाशी, असा फोटो असेल तर ते घड्याळ बहुधा जुन्या वेळेचं.

फोटो उलटा छापलेला नाही ना, हे कितीतरी जण शेवटी बघतात. ते पहिल्यांदा बघावं. निगेटिव्ह पालथी पडली की डावं-उजवं फिरतं, आणि मग अख्खी मुंबई धुंडाळली तरी तो कोपरा सापडत नाही. अक्षरं दिसत असतील तर लगेच कळतं. नसतील तर बसचा दरवाजा पाहावा. आपल्याकडे तो डाव्या अंगाला. पुरुषांच्या सदऱ्याचा खिसा डाव्या छातीवर, साडीचा पदर सहसा डाव्या खांद्यावर. खिसे आणि पदर दोन्ही उजवीकडे गेले असतील तर फोटो आरशात धरावा.

दुसरं संकट नवं आहे. हल्ली जुने फोटो संगणकाकडून रंगवून आणि ‘स्वच्छ’ करून फिरवले जातात. दिसायला छान दिसतात. पण ट्राम कोणत्या रंगाची होती हे संगणकाला ठाऊक नसतं. तो अंदाज मारतो. त्याहून वाईट म्हणजे पुसट आकडे आणि अक्षरं तो आपल्या मनाने भरतो. नंबरप्लेटवर जिथे खरं तर चार राखाडी ठिपके होते, तिथे ठसठशीत आकडे उमटतात, आणि त्या आकड्यांवरून कुणीतरी साल काढतो. असल्या फोटोवरून जागा किंवा काळ ठरवणं म्हणजे शुद्ध फसवणूक करून घेणं. मूळ प्रत, मग ती कितीही डागाळलेली असो, तीच वाचावी.

बस बनवणाऱ्या कंपन्यांनी काढून घेतलेले फोटो आणखी वेगळे. गाडी नवी कोरी, चकचकीत, आणि मागची पार्श्वभूमी निगेटिव्हवर रंग लावून पांढरी केलेली, म्हणजे जाहिरातीत गाडी उठून दिसावी. त्या फोटोत बस जितकी स्पष्ट, तितकी जागा गायब. याउलट कुणा प्रवाशाने, खलाशाने, सुटीवर आलेल्या पाहुण्याने घाईत काढलेला हललेला फोटो बहुधा जास्त सांगून जातो. त्याने मागचं काही पुसलेलं नसतं.

चुका कुठे होतात हेही सांगायला हवं. १९३०-४०च्या दशकांतल्या गोलाकार गॅलऱ्यांच्या इमारती मरीन ड्राइव्हला आहेत तशा माटुंग्याला आहेत, दादरच्या हिंदू कॉलनीत आहेत, शिवाजी पार्कला आहेत. त्या आखीव वस्त्यांत उंचीचे, रस्त्यापासून सोडायच्या अंतराचे नियम ठरलेले होते, म्हणून एका कोपऱ्याची जुळी भावंडं शहरभर सापडतात. गिरगावची चाळ आणि लालबागची चाळ लाकडी कठड्यावरून वेगळी काढणं जाणकारालाही जमत नाही. म्हणून दंडक असा असावा की एकमेकांशी संबंध नसलेले निदान दोन पुरावे जुळल्याशिवाय जागेचं नाव छापू नये. इमारत सारखी दिसते, हा एक. टपाल क्रमांक, सावलीची दिशा, तारांची जोडी, डोंगराची किंवा गिरणीच्या धुराड्याची रेघ, यांतलं काहीतरी दुसरं हवंच. दोन पुरावे नसतील तर ‘बहुधा’ हा शब्द लिहायला लाजू नये.

नंतर पायपीट. संशयित जागी जाऊन उभं राहायचं आणि फोटोतल्या दोन वस्तू एका रेषेत आणायच्या: जवळचा खांब आणि लांबच्या छपराचं टोक, किंवा कमानीची कड आणि घुमट. त्या दोन्ही फोटोत जशा एकमेकींवर आहेत तशा दिसू लागल्या की फोटोग्राफर त्या रेषेवर कुठेतरी उभा होता. अशी दुसरी जोडी जुळवली की दोन रेषा जिथे छेदतात ती त्याची जागा. पुष्कळदा ती जागा रस्त्यावर नसतेच. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत असते, नाहीतर दुसऱ्या डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर. झाडांवर विसंबू नये, ती वाढतात आणि तोडलीही जातात. फुललेला गुलमोहर असेल तर महिना तेवढा कळतो.

आणि माणसं. निवृत्त कंडक्टर, ड्रायव्हर, त्या रस्त्यावर चाळीस वर्षं गल्ला सांभाळलेला दुकानदार यांच्यापाशी जे आहे ते कुठल्याही डिरेक्टरीत नाही. मात्र विचारायची पद्धत असते. “ही जागा कुठली?” असं विचारलं की समोरचा आपल्या आवडत्या जागेचं नाव घेतो. “इथे बस थांबायची का? वळायची कुठल्या बाजूला? कोपऱ्यावर आधी काय होतं?” असं विचारलं की आठवण रुळावर येते. अनुभव असा की माणसाची आठवण जागेबाबत सहसा चुकत नाही. सालाबाबत हमखास चुकते. कंडक्टरने जागा सांगितली तर ती मानावी, साल सांगितलं तर हसून नोंद करावी आणि दुसरीकडे ताडून पाहावं. तिकिटांची पेटी, पंच, जुन्या पाट्या प्रत्यक्ष पाहायच्या असतील तर आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय आहे. तिथे एक दुपार काढली की फोटोतल्या निम्म्या गोष्टींना नावं मिळतात.

हे सारं मुंबईपुरतंच नाही. पुण्यातही डबलडेकर धावत होत्या, आणि तिथल्या फोटोंना १२ जुलै १९६१ ही तारीख दुभंगून जाते: पानशेतच्या पुराने नदीकाठची घरं नेली, त्यामुळे काठावरची वाड्यांची रांग शाबूत दिसली की फोटो पुराआधीचा. गावोगावच्या संग्रहांत एसटी आणि शहरी बस यांची सरमिसळ असते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगर-पुणे धावली, तेव्हा त्याआधीच्या फोटोखाली ‘एसटी’ लिहिलेलं असेल तर तो मजकूर चुकीचा. पण या पुस्तकाचा पसारा मुंबईपुरता ठेवला आहे, कारण दोन-दोन पुरावे जुळवण्याइतकी सामग्री सध्या इथलीच हाताशी होती.

वाचकांना एक विनंती. आपल्या घरच्या अल्बममध्ये बसचा, रस्त्याचा, थांब्याचा फोटो असेल तर त्याची कड कापू नका. जागा सांगणारी पाटी बहुतेक वेळा कडेलाच असते. फोटो अल्बममधून काढून त्याची मागची बाजूही पाहा आणि तिचीही प्रत काढा, स्टुडिओचा शिक्का किंवा शाईतली एखादी ओळ तिथे सापडते. घरातल्या वडीलधाऱ्यांना आत्ताच विचारा आणि ते सांगतील ते मऊ पेन्सिलीने मागे लिहा: जागा, कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं, कुणी काढला. बॉलपेन वापरू नका, त्याचा वळ पुढच्या बाजूला उठतो. आणि या पुस्तकातली एखादी जागा आम्ही चुकीची ठरवली आहे असं वाटलं, तर निदान दोन पुरावे जोडून प्रकाशकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती केली जाईल.